चौथ्या मशीनची दोरी

कापसाच्या गाड्या रस्त्याने जायला लागल्या की मला राग येतो. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात आणि आर्वीच्या रस्त्याने ट्रॅक्टर, टेम्पो, मधूनच एखादी चुकार बैलबंडी वर्ध्याकडे यायला लागते. ताडपत्र्या फुगलेल्या, दोरखंड ताणलेले, रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजागी पांढरे पुंजके अडकलेले. समोरच्या घरातल्या वहिनी गच्चीतून हाक मारतात, "बघा ना, किती छान दिसतंय!" छान दिसतं, नाही कोण म्हणतं? मी खिडकी लावून घेते. कापसाची धूळ मला सोसत नाही असं मी त्यांना सांगून ठेवलंय. धुळीचं मला काहीही होत नाही.

यंदा मात्र खरं काय ते लिहून टाकायचं ठरवलं आहे. इंदू येऊन गेल्यापासून दुसरं काही सुचतच नाही. इंदू कोण ते ओघात येईलच.

माझ्या वाट्याला एक हिवाळा आला आहे. ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं तेव्हाचा. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, एसटीच्या खिडकीतून दिसणारी तुरीची पिवळी फुलं, कॉलेजच्या पायरीवर बसून खाल्लेले संत्र्याचे फाके. आठवण म्हणून हे सगळं गोडच आहे. पण त्याच्या मधोमध एक आवाज आहे, एक मशीन थांबल्याचा. तो ऐकू आला की संत्रंही कडू लागतं.

त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, आमचं भाड्याचं घर वर्ध्यात एका जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या मशीनींचा कारखाना. हंगाम सुरू झाला की भिंत दिवसभर थरथरायची, ताकाच्या भांड्यावरचं झाकण वाजायचं आणि भिंतीपलीकडून दोन हाका यायच्या. आधी बाईची: "हात!" मग जरा वेळाने पुरुषाची: "बंद!"

रुळांमध्ये कापूस अडकला की तो काढायला हात आत घालावा लागे. हात घालण्याआधी बाई ओरडे. मिस्त्री लाकडी काठीने मशीन फिरवणारा पट्टा उतरवी, चाक थांबू देई, थांबलेल्या चाकावर स्वतःचा तळवा टेकवून पाही आणि मगच म्हणे, "बंद!" ते ऐकल्याशिवाय कुणाचा हात आत जात नसे. हंगामाच्या मुहूर्तालाही हीच रीत. सगळ्या बाया हात वर करून एकदम ओरडायच्या, मिस्त्री सगळ्या मशीनी थांबवायचा, मग नारळ फुटायचा. आम्ही पोरी गल्लीत हाच खेळ खेळायचो. राज्य असलेली मुलगी "बंद" म्हणण्याआधी जिचा हात पुढे येईल ती बाद. मी त्या खेळात कधी बाद झाले नाही. खेळात हुशार होते मी.

पुढे शिकून आले आणि वर्ध्याजवळच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. संगणक म्हणजे तेव्हा एक थंड खोली. दारात चपला काढायच्या, आत गेलं की आवाज खाली आणायचा. देव नव्हता आत, पण आमचं वागणं तसंच. त्या खोलीत दोन वर्षं खपून मी एक कंपायलर लिहिला होता. माणसाने जरा समजेल अशा शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या हुकमांत उतरवून देणारा. त्याचा शेवटचा भाग, जो प्रत्यक्ष यंत्राचे हुकूम मांडतो, तो माझा फार लाडका. एखादा हुकूम वाचवता आला की मला भाकरी फुगल्यासारखा आनंद व्हायचा.

आमच्या विभागप्रमुख सरांनी आंजीजवळच्या एका जिनिंगचं काम आणलं. तिथे त्या वर्षी प्रत्येक मशीनला आपापली मोटर आली होती. ठरलं असं, की प्रत्येक मशीनजवळ एक दोरी टांगायची. बाईने दोरी ओढली की आम्ही केलेला बोर्ड तिची मोटर थांबवील. ओरडायला नको, पट्टा उतरवायला नको, मिस्त्रीची वाट पाहायला नको. मशीनी सहा होत्या. चौथीवर यमुनाबाई बसायच्या. चाळिशीच्या, काटक, कपाळावर रुईचा पांढरा थर, बोलायला फटकळ. त्या आणि त्यांचे मिस्त्री दौलतभाऊ, दोघं त्या शेडमधले सगळ्यांत जुने.

सरांनी बायांना गोळा करून समजावलं, "आता ओरडायचं नाही. दोरी ओढायची. मशीनला आपोआप कळतं."

यमुनाबाईंनी विचारलं, "मंग बंद कोण म्हणंन?"

सगळे हसले. मीही हसले. मी म्हटलं, "बोर्डच थांबवेल ना बाई. बंद म्हणायची गरजच नाही."

"थो हात लावून पाह्यते काय, दौलतभाऊवानी?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. दिलं असतं तर 'नाही' असंच द्यावं लागलं असतं. एका अंगठाबहाद्दर बाईने माझ्या सगळ्या यंत्रणेतलं नेमकं भोक एका वाक्यात दाखवलं होतं, आणि मी, पदवी भिंतीवर टांगलेली बाई, कौतुकाने हसत उभी होते.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. बायांचा कान तयार झाला. शेडमध्ये इतकी रुई उडायची, की रूळ फिरतोय की थांबलाय ते नजरेला कळायचं नाही. दोरी ओढायची, आवाज पडला की हात घालायचा. कॉलेजात सरांनी दोनदा पेढे वाटले.

संक्रांतीनंतर मालकांना वाटलं, बोर्डाला आगीचीही वर्दी कळावी. कापसाच्या कारखान्यात ही मागणी रास्तच होती. शेडच्या आढ्याला उष्णता ओळखणारा एक तुकडा बसवला. पण त्याचे हुकूम घातले तेव्हा माझ्या कंपायलरमधून निघालेला बोर्डाचा प्रोग्रॅम चिपमध्ये मावेना. बोर्डावर एकाच चिपची जागा. थोडेसेच हुकूम जास्त होत होते. सर म्हणाले, "तुमचा कंपायलर हुशार आहे ना? आवळा की जरा." मला तर हेच हवं होतं.

आता जे सांगते ते अवघड नाही. उलट ते इतकं सोपं आहे की त्याचाच संताप येतो. बोर्डाच्या आत आठ दिव्यांची एक रांग आहे असं समजा. पहिले सहा दिवे सहा दोऱ्यांचे, सातवा मोकळा, टोकाचा आठवा आगीचा. दोरी ओढली की तिचा दिवा पेटतो. यंत्र दिवसभर एकच उद्योग करतं: अमका दिवा पेटलाय का? पेटला असेल तर या वाटेने, नसेल तर त्या वाटेने. प्रत्येक प्रश्नाला माझा कंपायलर आधी रांग नव्याने हातात घ्यायचा, मग हवा तो दिवा पाहायचा. मी दोन काटकसरी केल्या. पहिली: रांग एकदा हातात घेतलेली असेल तर पुन्हा कशाला घ्यायची? दुसरी: टोकाचा दिवा पाहायचा असेल तर सगळी रांग एक घर सरकवायची, म्हणजे टोकाचा दिवा बाहेर एका खिशात पडतो, तेवढा खिसा पाहायचा. हा हुकूम निम्म्या जागेत बसतो. दोन्ही युक्त्या मी वेगवेगळ्या तपासल्या. दोन्ही बिनचूक होत्या.

एकत्र मात्र नव्हत्या. आगीचा दिवा पाहण्यासाठी रांग एक घर सरकली, आणि तिला जागेवर कुणी आणलंच नाही. पुढचा प्रश्न दोऱ्यांचा. तिथे पहिली युक्ती म्हणाली, रांग हातात आहेच की, आहे तीच वापरू. म्हणजे चौथीची दोरी ओढली की दिवा पाचवीच्या घरात पेटलेला दिसणार. थांबणार ती पाचवी.

प्रोग्रॅम चिपमध्ये मावला. मी संगणकाच्या खोलीतून अनवाणीच उड्या मारत बाहेर आले होते.

दुपारच्या सुट्टीत मी आंजीला जाऊन चिप बदलली. आता तपासायचं कसं? माझ्यासमोर बोर्ड होता, सहा दोऱ्या होत्या, बाया होत्या. एकेक दोरी ओढून पाहायला पाच मिनिटं लागली असती. पण मुकादम म्हणाला, "मुहूर्तावानी सगळ्या एकदमच ओढा न बाई." सुट्टी संपत आली होती, मला परतीची एसटी धरायची होती, आणि मला ती रीत लहानपणापासून आवडायची. पहिली मशीन दुरुस्तीला खोललेली होती, तिची दोरी दौलतभाऊंनी ओढली, रीत पुरी व्हावी म्हणून. सहाही दोऱ्या एकदम ओढल्या गेल्या. चालू असलेल्या पाचही मशीनी थांबल्या. बायांनी हसत टाळ्या वाजवल्या. सगळेच दिवे पेटलेले असताना रांग एक घर सरकलेली आहे हे कुणाला दिसणार? सरकलेल्या रांगेत फक्त पहिलीचं घर रिकामं होतं, आणि ती तर खोललेलीच होती.

मी एसटीत बसले. खिडकीशी जागा मिळाली होती. त्या प्रवासात मी झकास झोपले, हेही लिहून ठेवायला हवं.

तास-दीड तासाने चौथ्या मशीनमध्ये कापूस अडकला. यमुनाबाईंनी दोरी ओढली. शेजारची पाचवी मशीन थांबली. आवाज पडला. त्यांनी हात घातला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. ही बातमी मला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये कळली, चहाच्या कपासोबत. सांगणारा म्हणाला, "बाया ऐकत नाहीत हो, दोरी न ओढताच हात घालतात." मी प्रोग्रॅमचा छापील कागद घेऊन बसले. दहा मिनिटं लागली, जास्त नाही. रांग सरकवल्यावर ती पुन्हा नव्याने घ्यायला हवी होती. एक हुकूम.

मी सरांकडे धावत गेले. सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "आधी दुरुस्त करा. मग बोलू." तेवढ्या हुकमाची जागा मी दुसरीकडून काढली. ती जागा तेव्हा बरोबर सापडली! जिनिंगमधली चिप काढून आणली. त्या काळी चिप एका डबीत निळसर उजेडाखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. ती डबी मी बंद केली. मीच वेळ लावली. माझी चूक त्या एका चिपमध्ये होती आणि ती मी माझ्या हाताने पुसून कोरी केली. पुन्हा चूक नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मग 'मग बोलू' कधी आलंच नाही.

चार दिवसांनी सरकारी कारखाना खात्याचे दोन साहेब चौकशीला आले. त्यांनी एकेक दोरी ओढली. हो, एकेक! सुटाबुटातल्या त्या माणसांना जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. प्रत्येक दोरीला तिचीच मशीन थांबली. पाचवीवरची कौसल्या पुढे होऊन म्हणाली, "साहेब, त्या दिशी माही मशीन आपोआपच थांबली व्हती. म्या दोरी ओढलीच नाई. थे काऊन थांबली, थे लिवा ना." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. दौलतभाऊ माझ्याकडे बघत होते. मी बोर्डाकडे बघत होते.

अहवालात वाक्य होतं: कामगार महिलेने दोरी न ओढता हात घातला. त्याखाली तज्ज्ञ म्हणून मला लिहायचं होतं, की यंत्रणा निर्दोष आहे. मी पेन उचलेना. सर हळूच म्हणाले, "आज निर्दोष आहे की नाही? आहे. मग खरं आहे त्यावरच सही करताय तुम्ही. उगाच कॉलेजचं नाव कशाला खराब करता?" किती सभ्य आवाज होता तो! आजही तो आठवला की हातातली वस्तू आपटावीशी वाटते. पण सरांवर किती वर्षं चिडायचं? पेन माझ्या हातात होतं. पाचही बोटांत नीट धरलेलं. मी सही केली.

यमुनाबाईंना मशीनवरून काढून सरकी झाडायच्या कामाला लावलं. इतकंच झालं असतं तरी त्या उभ्या राहिल्या असत्या, त्या तशाच होत्या. पण जिनिंगच्या बायांमध्ये 'दोरी न ओढणारी' ही शिवी झाली. बोर्ड येईपर्यंतच्या वीस वर्षांत एकदाही "बंद" ऐकल्याशिवाय हात न घातलेली बाई, आणि ती नव्या पोरींना दाखवायचं वाईट उदाहरण झाली. पुढच्या हंगामात त्यांची मुलगी इंदू कामावर गेली, तर मुकादमाने तिला मशीनवर घेतलं नाही. म्हणाला, मायवानीच बेफिकीर असशील.

हे कळल्यावर मी आंजीला त्यांच्या घरी गेले. कापूस पुन्हा रस्त्याने वाहत होता. यमुनाबाई अंगणात बसून डाव्या हाताने तूर पाखडत होत्या. सूप एका हाताने धरता येत नाही, म्हणून दुसरी कड गुडघ्यावर टेकवलेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रांग, दिवे, सरकलेलं घर, पाचवी मशीन. रडलेही. मला वाटत होतं, त्या एक तर मला शिव्या देतील, नाही तर जवळ घेतील. कुठल्यातरी एकाची आशा धरूनच मी गेले होते.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे मले काऊन सांगून राह्यले बाई तुमी? मले मालूम नाई काय? दोरी म्याच ओढलती ना. जितं सही केली, तितं जाऊन सांगा."

त्यांनी सूप पुन्हा गुडघ्यावर घेतलं.

"लिवून द्या. यमुनीनं दोरी ओढलती, इतकंच. तुमी शिकल्यासवरल्या, तुमचं लिवलेलं वाचतेत लोकं. माह्या इंदूले मशीनवर घेतीन."

आणि मी म्हणाले, "बघते."

बघते म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. अर्ज घेऊन आलेल्याला खिडकीतून हेच सांगतात. मी सरांशी एकदा बोलले. ते म्हणाले फाईल बंद झाली. मी एक पत्र लिहिलं, त्यात 'तांत्रिक त्रुटीची शक्यता नाकारता येत नाही' असं वाक्य होतं. ते चौकशीच्या साहेबांच्या खात्याला पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं मला मनातून बरं वाटलं.

वर्गात मात्र मी हे उदाहरण पंचवीस वर्षं शिकवलं. हे त्याहून वाईट. फळ्यावर आठ चौकोन काढायचे, रांग सरकवून दाखवायची, विचारायचं, "आता चूक कुठे आहे सांगा." मुलं चूक पकडायची, खूश व्हायची. शेवटी मी गंभीर आवाजात म्हणायची, "अशा चुकीमुळे एकदा एका कामगाराला दुखापत झाली होती." एका कामगाराला. झाली होती. नाव नाही, गाव नाही, करणारी कोणी नाही. परवा माझा एक जुना विद्यार्थी परदेशातून फोनवर सांगत होता, असल्याच एका तपासणीतला एक हुकूम त्याने वाचवला, वरिष्ठ फार खूश आहेत. मी विचारलं, "आणि रांग जागेवर कोण आणतं?" तो हसला, "मॅडम, तुमचा तो किस्सा अजून आठवतो." किस्सा! मी फोन ठेवून दिला. त्या बिचाऱ्याची काय चूक? किस्सा करून मीच दिला होता त्याला.

आणि या दिवाळीनंतर इंदू आली. आता तिचेच केस पिकलेत. तिची मुलगी वर्ध्याला संगणक शिकते. तिच्या वहीत इंदूला आठ चौकोन दिसले, आणि मुलीने तिला शिक्षकांनी सांगितलेला किस्सा ऐकवला. शिक्षक माझा विद्यार्थी. इंदू दारातच उभी राहिली. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. आई अजून आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण ऐकू येतं, असं सांगितलं.

"आईनं पोरीकून सारं आयकून घेतलं," ती म्हणाली. "मंग मले म्हणे, जाय, त्या बाईले इचारून ये, तुमचं बघून झालं काय?"

पाण्याचा पेला माझ्या हातात देऊन तिने पायात चपला सरकवल्या आणि ती निघाली. रस्त्याने कापसाचा एक ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

यमुनाबाई, बघून झालं. हा कागद उद्या सकाळच्या एसटीने मी आंजीला घेऊन येते आहे. आधी तुम्हाला वाचून दाखवीन, आणि मग जिनिंगच्या फाटकात उभी राहून बायांना. मुकादम कोण असेल तो असो.

त्या दिवशी चौथ्या मशीनवर यमुनाबाईंनी दोरी ओढली होती. थांबली ती पाचवी, कारण बोर्डातला प्रोग्रॅम चुकीचा होता. तो ज्या कंपायलरमधून निघाला तो मी लिहिला होता, एकेक दोरी ओढून मी तपासलं नव्हतं, आणि हे सगळं माहीत असून यंत्रणा निर्दोष असल्याची खोटी सही मी केली. खाली पुन्हा सही करते आहे.